प्रभात बँडमधला बेसूर

ज्ञानूमास्तर आवळे पोस्टाच्या खिडकीशी आले तेव्हा मी तिकिटांचे कागद फाडत बसले होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून फळीवर ठेवली, मागे कुणी उभं नाही याची खात्री करून घेतली आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "ताई, ऐतवारी सकाळी तासभर येळ काढा. आमच्यात एकजण बेसूर वाजवतोय. त्येचं नाव सांगा."

मला आधी ती थट्टा वाटली. गावात तीन बँड होते आणि त्यांतल्या सगळ्यांत जुन्या बँडचा मास्तर एकोणीस वर्षांच्या मुलीला असं काही विचारेल, हे मनाला पटेना. मी म्हटलं, "मास्तर, मी कधी पेटीलासुद्धा हात लावलेला नाही."

"हात नगं, कान पायजेत."

"आणि नाव सांगितलं की?"

"त्येला घरी पाठवीन. बिस्तरवारी जत्रंत बँडांची चढाओढ हाय. हिंदमाता आणि लष्करे महिनाभर तयारी करत्यात. आमचं सगळं बसतंय, पर कायतरी खुपतंय. कोण ते मला घावंना."

मी हो म्हटलं. त्यांनी टोपी घातली आणि ते निघून गेले. मी हो म्हटलं यात माझा मोठेपणा काही नव्हता. त्या बँडमधून एक माणूस आधीच गेला होता, आणि तो माझ्यामुळे गेला की काय, ही शंका मला दोन महिने छळत होती.

आमचं घर पोस्टाच्याच माडीवर होतं, हिंगणवाडीच्या चौकात. वडील, म्हणजे आप्पा, पोस्टमास्तर. मी बी.ए.च्या परीक्षा बाहेरून देत होते आणि पोस्टात तिकिटं विकायची तात्पुरती नेमणूक मला मिळाली होती. गावातली प्रत्येक वरात मारुतीला जाताना चौकात थांबायची, आणि चौकात थांबली की बँडवाल्यांनी एक चीज उभ्यानं, पुरती वाजवायची असा रिवाज होता. मुलींनी वरातीमागे जायचं नसे. गॅलरीत उभं राहिलेलंही आप्पांना आवडत नसे. म्हणून लहानपणी मी बँड ऐकला तो आतल्या खोलीत, धान्याच्या कणगीला पाठ लावून. दिसत काही नव्हतं. त्यामुळेच असेल, ऐकू सगळं यायचं. वरात बाजारपेठेच्या तोंडाशी असतानाच मी आईला सांगायची, हे लष्करे बंधू, हा हिंदमाता.

हिंदमाताकडे ड्रम जास्त. त्यांचा बँड जवळ आला की फडताळातली भांडी हलायची. ताल म्हणजे काय ते मला त्यांनी शिकवलं. सात-आठ वर्षांची असताना मी जेवताना ताटाच्या कडेवर बोटं वाजवायची आणि आप्पांचा ओरडा खायची. लष्करे बंधूंचे दोन ट्रम्पेट होते, दोघे भाऊच वाजवायचे, आणि त्यांच्यासमोर म्हातारी माणसंसुद्धा नाचायला लागायची. चूक ओळखायला मी त्यांच्याकडून शिकले, कारण ते भरपूर चुकायचे आणि चुकायचे ते मोठ्या उत्साहानं. प्रभात ब्रास बँडची गोष्ट वेगळी होती. त्यांच्याकडे गर्दी कमी, सुपाऱ्याही कमी. पण ज्ञानूमास्तरांचं क्लॅरिनेट वाजायला लागलं की मी हातातलं काम ठेवून द्यायची. प्रभात वाजवून पुढे गेला की घरात थोडा वेळ कुणी बोललेलं मला सहन होत नसे.

शाळेतल्या गायनाच्या बाईंकडून मला सुरांची नावं कळली. चौदा वर्षांची असताना एकदा प्रभातनं पिलू रागातली एक धून वाजवली आणि एका जागी शुद्ध निषाद लावला. मी धावत गॅलरीत गेले आणि वरून म्हणाले, "तिथं कोमल पाहिजे." चौकातली माणसं हसली. मास्तर हसले नाहीत. त्यांनी वर बघितलं, तो तुकडा पुन्हा वाजवला, कोमल निषाद लावून, आणि टोपीला हात लावला. त्या दिवसापासून आमचा एक परिपाठच पडला. प्रभात चौकात थांबून वाजवायचा, वाजवून झालं की मास्तर वर बघायचे, मी मान हलवायची, चांगलं किंवा नाही. आप्पांनीही पुढे गॅलरीबद्दल बोलणं सोडून दिलं. पाच वर्षांत मास्तर आणि मी याखेरीज एक शब्द बोललो नव्हतो.

आणि मग माघात सराफांच्या मुलीची वरात आली. तेव्हा प्रभातमध्ये दोन क्लॅरिनेट होती, एक मास्तरांचं आणि दुसरं यल्लाप्पाचं. यल्लाप्पा कुडचीकडचा, तिशीचा, हाडकुळा माणूस. त्या दिवशी दोघं मिळून वर चढले आणि तारसप्तकातल्या गंधारावर काहीतरी घासलं. दोन सूर एकमेकांना चिकटेनात. मास्तरांनी वर बघितलं. मी मान हलवली, नाही. मास्तर वळले आणि भर चौकात, वऱ्हाडासमोर, यल्लाप्पाला म्हणाले की तू बेसूर वाजवतोस, क्लॅरिनेट खाली ठेव आणि घरी जा. यल्लाप्पानं क्लॅरिनेट खाली ठेवलं. एकदा माझ्याकडे बघितलं. आणि अंगातला बँडचा लाल कोट काढून, घडी करून, रहिमान ट्रम्पेटवाल्याच्या हातात देऊन तो गेला.

मी फक्त बेसूर ऐकला होता. कुणाचा ते मला वरून कळलं नव्हतं.

रविवारी जायचं ठरलं तर घरी सांगायला हवं होतं. आप्पा बराच वेळ वर्तमानपत्र धरून बसले. पोस्टमास्तराची मुलगी बँडवाल्यांच्या तालमीत जाऊन बसली हे गावाला कसं दिसेल, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण मला ते कळत होतं. शेवटी आईच म्हणाली, मी जाते हिच्याबरोबर, मलाही कधी जवळून बघायचाच होता. आप्पांनी वर्तमानपत्र उलटलं. तो होकार होता.

प्रभातची तालीम गावाबाहेर, बंद पडलेल्या कापसाच्या जिनाच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालायची. आम्ही गेलो तेव्हा तेरा माणसं उभी होती. आमच्यासाठी दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या, त्यांवर चादर अंथरलेली. आईनं येताना निवडायला चिंच आणली होती. ती खुर्ची मागे ओढून एका कोपऱ्यात बसली. मी बसले नाही.

आधी सगळ्यांनी मिळून धून वाजवली. मास्तरांनी स्वतः बांधलेली, मांड रागातली. इतक्या जवळून मी बँड पहिल्यांदा ऐकत होते आणि दोन मिनिटं मला काही सुचलं नाही. मग ते वर चढले, आणि तेच घासणं पुन्हा ऐकू आलं. यल्लाप्पाच्या जागी आता मास्तरांनी एका ट्रम्पेटला तो तुकडा दिला होता. माणूस बदलला होता, बेसूर तसाच होता.

रहिमाननं घरून सूरपेटी आणली होती. मी तिचा सूर धरायला सांगितला आणि प्रत्येकाकडून तोच तुकडा एकट्यानं वाजवून घेतला. ट्रम्पेट झाले, जाड आवाजाचं युफोनियम झालं. कुणी केसभर इकडे, कुणी तिकडे, पण ते खुपणारं असं काही नव्हतं. मग मी म्हटलं, "मास्तर, आता तुम्ही." दोन-तीन माणसं हसली. मास्तरांनी मात्र क्लॅरिनेट ओठाला लावलं आणि वाजवलं. अगदी हळू, नेमकं, सूरपेटीत मिसळून जाईल असं. मला बरं वाटलं. मग मला काही कळेनासं झालं, कारण आता कुणीच उरलं नव्हतं.

मी म्हटलं, पुन्हा एकदा सगळे मिळून. या वेळी मी त्यांच्या मधून चालत गेले, एकेकाच्या शेजारी थांबत. दस्तगीरनं मोठा ड्रम वाजवायला सुरुवात केली, झांजा आल्या, ट्रम्पेट आले. मी मास्तरांच्या उजव्या हाताला उभी होते. बँडचा आवाज चढला तसा मास्तरांनी जोर लावला. त्यांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. आणि वरच्या गंधारावर त्यांचा सूर खाली आला. मी त्यांना आणखी एकदा वाजवायला लावलं. पुन्हा तेच झालं.

बँड थांबला. मास्तरांनी घाम पुसला आणि म्हणाले, "सांगा ताई. नाव सांगा."

त्यांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. मला ते सुचलं नाही. मला खरं काय ते कळलं होतं आणि त्या वयात तेवढं पुरेसं वाटायचं.

"मास्तर, तुमचं," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. "काय?"

मला ते वाक्य पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्यानं. "तुमचं. वरच्या गंधाराला तुमचा सूर उतरतो. यल्लाप्पाचा उतरत नव्हता."

पत्र्यावर कावळ्याची नखं वाजत होती. मास्तर खाली बसले. क्लॅरिनेटचे तुकडे त्यांनी एकेक करून सुटे केले, प्रत्येक तुकड्यातून फडकं फिरवलं, पेटीत ठेवले. पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या. "आज सुट्टी," एवढं बोलून ते शेडबाहेर पडले. रहिमान माझ्याजवळ आला. तो रागावलेला होता, पण आवाज चढवला नाही. म्हणाला, मास्तरांना तीस वर्षं झाली वाजवताना, ताई, आता तुम्ही घरी जावा.

वाटेत मी रडले नाही. मला रडू येत नव्हतं, कारण मी चुकले असं मला वाटत नव्हतं. अर्ध्या वाटेत आईनं विचारलं, जे सांगितलंस ते खरं होतं का. मी हो म्हटलं.

"मग त्यांनी तुला 'काय' असं का विचारलं?"

"धक्का बसला असेल."

"नाही," आई म्हणाली. "मी मागे बसले होते ना, मी त्यांना तीनदा म्हटलं, मास्तर, पाणी मिळेल का. ते माझ्यापासून चार हातांवर होते. वळलेच नाहीत. दस्तगीरनं एकदा खाकरलं तर लगेच वळले." थोडं चालून ती म्हणाली, "माझ्या वडिलांचं असंच झालं होतं. आधी बायकांचं बोलणं गेलं. मग पाखरं गेली. ढोल मात्र त्यांना शेवटपर्यंत ऐकू येत होता."

मला खिडकीतले मास्तर आठवले, माझ्या तोंडाकडे बघत बोलणारे. ते माझे ओठ वाचत होते.

आता कसं झालं असेल ते मला दिसायला लागलं. बँड जोरात वाजायला लागला की मास्तरांना स्वतःचं क्लॅरिनेट नीट ऐकूच येत नसणार. ते ऐकू यावं म्हणून ते जोर लावत, आणि क्लॅरिनेटवर जोर लावला की सूर खाली येतो. हे शेवटचं मला तेव्हा माहीत नव्हतं, पुढे कळलं. पण आपण आधी नाव सांगितलं आणि कारण मागाहून कळलं, एवढं मात्र त्याच वाटेवर मला टोचलं. मी आईला म्हटलं, मला त्यांच्या घरी जायचंय. आई म्हणाली, उद्या जाऊ, आज त्यांना एकटं राहू दे.

सोमवारी दुपारी, पोस्टाची खिडकी बंद झाल्यावर, आम्ही आवळ्यांच्या वस्तीत गेलो. मास्तर ओट्यावर बसले होते. आम्हाला बघून उठले, आत हाक मारली. त्यांच्या पत्नी, ठकूबाई, बाहेर आल्या. त्यांनी आम्हाला बसायला घोंगडं टाकलं आणि आईशी बोलायला लागल्या. मास्तर माझ्याशी बोलले नाहीत, पण आत निघूनही गेले नाहीत.

आईनंच विषय काढला. मास्तरांना घरात हाका ऐकू येतात का, असं तिनं सरळ ठकूबाईंना विचारलं. ठकूबाई जणू या प्रश्नाची वाटच बघत होत्या. दोन वर्षं झाली, म्हणाल्या, मी चुलीपाशी बसून हाका मारते, ह्यांना पत्ता नसतो, वर मलाच म्हणतात की तू तोंडातल्या तोंडात पुटपुटतीस.

"काय म्हणतीया?" मास्तरांनी विचारलं.

मी त्यांच्यासमोर गेले आणि ओठ स्पष्ट हलवत म्हटलं, "मास्तर, एक मिनिट तिकडं, रस्त्याकडं तोंड करून बसा. काही ऐकू आलं तर सांगा." ते पाठ फिरवून बसले.

ठकूबाईंनी देवघरातली छोटी पितळी घंटा आणली आणि वाजवायला लागल्या. किणकिण किणकिण, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशी. शेजारच्या दारातून एक बाई डोकावून गेली. मास्तर रस्त्याकडे बघत बसले होते. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "वाजवा की काय वाजवायचं ते," आणि मागे वळले.

ठकूबाईंचा हात हलत होता. घंटेचा लोळा इकडून तिकडे आपटत होता. मास्तरांनी तो हात बघितला, घंटा बघितली, आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. मी मान हलवली, हो. ठकूबाईंनी घंटा मुठीत घट्ट धरून बंद केली आणि पदर डोळ्याला लावला.

मास्तर स्वतःच्या कानाबद्दल बोलले नाहीत.

"येल्लाप्पाला मी भर चौकात काढला," ते म्हणाले.

"मी मान हलवली म्हणून," मी म्हटलं.

"न्हाई. तू बेसूर हाय म्हणालीस. माणूस मी निवडला."

खिडकीशी आल्यापासून ते मला 'ताई' आणि 'तुमी' म्हणत आले होते. त्या दुपारी ते पहिल्यांदा 'तू' म्हणाले, आणि पुढे कायम म्हणत राहिले.

मंगळवारी पहाटेच ते सायकलवर यल्लाप्पाच्या गावी गेले. पुढचं मला रहिमाननं सांगितलं, कारण तो बरोबर होता. यल्लाप्पा वीटभट्टीवर कामाला लागला होता. त्यानं मास्तरांना सावलीत बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाला. चौकात काढलंत, इथं भट्टीवर बोलवायला आलात, असं तो म्हणाला. इथं कोण ऐकतंय. मास्तर उठले. म्हणाले, उद्या बाजार आहे, ये.

बुधवारचा बाजार चौकातच भरायचा. अकराच्या सुमाराला, भर गर्दीत, प्रभातचे तेराही जण लाल कोट घालून पोस्टासमोर येऊन उभे राहिले. हातात वाद्यं नव्हती. भाजीवाल्या बायकांनी मान वर करून बघितलं. वरात नाही, लग्न नाही, हे काय आहे ते कुणाला कळेना. मी खिडकीच्या गजांमागे उभी होते. माझ्या मागे आप्पा येऊन उभे राहिले. यल्लाप्पा मारुतीच्या पायरीशी, गर्दीच्या मागे होता. अंगावर भट्टीची लाल धूळ तशीच.

मास्तर त्याच्याकडे बघून बोलले, पण आवाज सगळ्या चौकासाठी होता. ज्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही तो माणूस बोलतो तेवढ्या मोठ्यानं.

"माघात हितं मी येल्लाप्पाला बेसूर म्हणून काढला. बेसूर तो नव्हता. मी व्हतो. माझं कान गेल्यात."

बाजार थांबला होता. एक गिऱ्हाईक हातात वांगं धरून तसंच उभं होतं. यल्लाप्पा गर्दीतून वाट काढत पुढे आला. रहिमाननं काखेतला कोट उलगडला आणि त्याला चढवला. मग माझ्या मागून आप्पांचा आवाज आला. ते बँडवाल्यांशी कधी बोलत नसत. म्हणाले, "शैला, मास्तरांना आत बोलव. चहा सांगतो."

तालमीला एकच दिवस उरला होता, तोही अर्धा. पहिला प्रश्न मास्तरांनी काय करायचं हा होता. यल्लाप्पानं स्वच्छ सांगितलं की मास्तर नसतील तर मी वाजवणार नाही. मास्तर म्हणाले, मी असणार, पण क्लॅरिनेट तू वाजवायचं. ते दस्तगीरकडे गेले आणि मोठ्या ड्रमवर तळवा ठेवून म्हणाले, एक ठोका दे. दस्तगीरनं दिला. "हे येतंय," मास्तर म्हणाले. "कानात बी येतंय, पोटात बी येतंय." दस्तगीरनं खांद्यावरचा पट्टा काढून त्यांच्या गळ्यात घातला आणि स्वतः झांजा उचलल्या.

गुरुवारी, जत्रेच्या दिवशी, भैरोबाच्या माळावर दुपारी चार वाजता तिन्ही बँड उभे राहिले. मी आणि आई बायकांच्या बाजूला, दोरीच्या कडेला जागा धरून होतो. हिंदमातानं आधी वाजवलं आणि माळ हलवला. लष्करे बंधूंनी माणसं नाचवली. पंचांपैकी एकजण खुर्चीत बसल्या बसल्या पाय आपटत होता. तिसरा प्रभात. पुढे यल्लाप्पा, सगळ्यांत मागे मास्तर, पोटावर तो भलामोठा ड्रम. लोकांत कुजबुज झाली. तीस वर्षं पुढे चालणारा मास्तर मागे उभा आहे हे बघायला काहीजण उठून उभे राहिले.

धून सुरू झाली. मास्तर ड्रम बडवत नव्हते. एकेक ठोका टाकत होते आणि मधे थांबत होते, आणि त्या थांबण्यात यल्लाप्पाला जागा मिळत होती. ते वर चढायला लागले तसा मी आईचा हात धरला. गंधार आला, आणि लागला. यल्लाप्पानं तो धरून ठेवला. मी मास्तरांकडे बघितलं. त्यांना तो सूर ऐकू येत नव्हता, हे आता मला माहीत होतं. ते यल्लाप्पाच्या पाठीकडे बघत होते, खांदे किती उचलले जातात ते, आणि श्वास संपायच्या क्षणी त्यांनी ठोका टाकला. अचूक. अशी सम मी त्याआधी ऐकली नव्हती.

पहिला नंबर लष्करे बंधूंचा आला. प्रभातचा दुसरा. पंचांनी धून सर्वांत चांगली म्हणून सांगितलं, पण कूच करताना वाजवायच्या तुकड्याची गती कमी पडली म्हणाले, आणि ते खरंच होतं. मला विचारलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं. प्रभातच्या माणसांना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. रहिमान आमच्याजवळ आला, आईला नमस्कार केला आणि मला म्हणाला, ऐतवारी तालमीला या.

जत्रेनंतरच्या सोमवारी मास्तर पुन्हा पोस्टाच्या खिडकीशी आले. मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. म्हणाले, डॉक्टर काय सांगतो ते मला नीट ऐकू यायचं न्हाई आणि ठकूला कळायचं न्हाई, तू चल. या वेळी आप्पांना विचारायची वेळच आली नाही. ते आतूनच म्हणाले, जा.

दवाखान्याच्या खोलीत एक टेबल, दोन स्टुलं आणि मखमलीच्या पेटीत ओळीनं ठेवलेले चिमट्यासारखे लोखंडी काटे. मी तसं काही आधी बघितलं नव्हतं. डॉक्टर पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी सगळ्यांत मोठा काटा मनगटावर आपटून मास्तरांच्या कानाशी धरला. मास्तर म्हणाले, येतोय. मग त्याहून लहान. येतोय. मग आणखी लहान. मास्तर थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, न्हाई. त्यापुढचे दोन्ही नाही. ठकूबाई खाली मान घालून बसल्या होत्या.

डॉक्टरांनी मला सगळं समजावून सांगितलं आणि मी ते मास्तरांच्या समोर बसून, ओठ हलवत, एकेक वाक्य करून त्यांना सांगितलं. गेलेलं ऐकणं परत आणता येणार नाही. यंत्रानं थोडी मदत होईल. ड्रमच्या शेजारी उभं राहू नये, असंही डॉक्टर म्हणाले, आणि ते वाक्य मी सांगताना मास्तर पहिल्यांदा हसले. "त्यो आता पोटावरच हाय," ते म्हणाले. पुढे ते कापसाचे बोळे घालून अकरा वर्षं वाजवत होते, आणि प्रभात त्यांच्या पाठोपाठ यल्लाप्पानं चालवला.

निघता निघता डॉक्टरांनी सहज म्हणून तो सगळ्यांत लहान काटा आपटून माझ्या कानाशी धरला. पातळ, चकचकीत सूर होता, तारषड्जाच्याही वरचा. डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. त्यांनी काटा स्वतःच्या कानाशी नेला, पुन्हा माझ्याकडे आणला.

"अजून येतोय?"

"येतोय," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा स्वतःच्या कानाशी धरला. त्यांना येत नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. माझ्या कानाशी तो आणखी बराच वेळ येत राहिला, आणि बंद झाला तेव्हा मी सांगितलं.

याच डॉक्टरांनी दोन महिन्यांनी आप्पांना पत्र लिहिलं की माणसांचे कान तपासायचं रीतसर शिक्षण मुंबईला मिळतं, मुलीला पाठवा. आप्पांनी पाठवलं. पुढची सदतीस वर्षं मी तेच काम केलं, आणि कुणाचे कान गेलेत हे सांगायची वेळ आली की आधी खोलीचं दार लावून घेतलं. हे सगळं नंतरचं. त्या दिवशी डॉक्टरांनी काटा पेटीत ठेवला, मखमलीवर नीट बसवला, आणि मास्तरांसमोर येऊन त्यांना विचारलं, "ही मुलगी तुमची कोण?"

मास्तरांनी त्यांचे ओठ वाचले. मग म्हणाले, "आमच्या बँडातली हाय."

"अच्छा. काय वाजवते?"

"वाजवत न्हाई," मास्तर म्हणाले. "ती ऐकती."